बाईनं बांधलेलं घर, कागदावर कुणाचं नाव?

 

आजचा विषय घराचा आहे. पण आपल्या गावातल्या घराचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नेब्रास्का नावाच्या राज्यात लोक उघड्या माळावर वस्ती करायला गेले, तेव्हा त्यांनी कसली घरं बांधली, त्या घरांत बायका कशा राहिल्या, आणि त्या घराच्या कागदावर कुणाचं नाव लागलं, याची ही गोष्ट आहे. तुम्ही म्हणाल, इतक्या लांबची गोष्ट आपल्याला कशाला? ऐका तरी. यात माती आहे, गोवऱ्या आहेत, गळकं छप्पर आहे आणि सातबाऱ्यासारखा एक कागदही आहे. ओळखीचं बरंच निघेल.

आधी तो माळ डोळ्यांसमोर आणा. नजर जाईल तिथपर्यंत गवत. कुठे गुडघ्याएवढं, कुठे माणसाएवढं. ओढ्यानदीच्या काठी थोडी झाडं, बाकी झाड म्हणून नाही. दगडही फारसा नाही. वारा मात्र अखंड. उन्हाळ्यात अंग भाजेल असं ऊन आणि हिवाळ्यात बर्फ. अशा गवताळ मुलखाला तिकडे प्रेअरी म्हणतात. आता सांगा, जिथे लाकूड नाही आणि दगड नाही, तिथे घर कशाचं बांधायचं?

लोक तिथे गेले ते एका कायद्यामुळे. २० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. कायदा असा, की २१ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबाचा प्रमुख असलेल्या माणसानं थोडी फी भरून अर्ज करायचा आणि १६० एकर सरकारी जमीन घ्यायची. तिथे घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची. पाच वर्षांनी साक्षीदार उभे करून ते सिद्ध केलं, की जमीन कायमची नावावर. म्हणजे नुसती पेरणी करून भागत नव्हतं. घर पाहिजे आणि घरात राहणारं माणूस पाहिजे. घर नाही तर जमीन नाही.

आणि इथेच बायांसाठी एक दार उघडं होतं. कायद्यात पुरुषच पाहिजे असं म्हटलेलं नव्हतं. लग्न न झालेली २१ वर्षांची मुलगी अर्ज करू शकत होती. विधवा करू शकत होती. नवऱ्यानं टाकल्यामुळे कुटुंबाचा सगळा भार जिच्यावर पडला, तीही करू शकत होती. फक्त नवऱ्याबरोबर नांदणारी बायको स्वतःच्या नावानं अर्ज करू शकत नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

पण त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. सरकार जी जमीन वाटत होतं, ती मोकळी होती का? नव्हती. नेब्रास्कात पॉनी, ओमाहा, लाकोटा असे तिथले मूळचे लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. पॉनी लोकांची तर बांधलेली गावं होती. त्यांची घरंही मातीचीच. मध्ये मोठाल्या मेढी रोवायच्या, भोवती गोल कूड उभारायचा, वर वासे टाकायचे, वाशांवर काटक्या, काटक्यांवर गवत आणि त्यावर मातीचा जाड थर. धूर जायला वर मधोमध भोक. घर एवढं मोठं, की त्यात दोनतीन कुटुंबं सुखानं राहत. मका, घेवडा आणि भोपळा ही बायकांची शेती. तिथून उत्तरेला, मिसूरी नदीच्या काठी राहणाऱ्या हिदात्सा लोकांत तर अशी घरं उभारण्याचं बरंचसं काम बायकाच करत आणि घर मालकीचंही बाईचंच मानलं जाई. त्यांच्यातल्या बफेलो बर्ड वुमन नावाच्या म्हाताऱ्या बाईनं बायकांच्या शेतीची सगळी रीत तोंडी सांगितली, आणि १९१७ मध्ये ती पुस्तकात छापली गेली.

म्हणजे बघा, त्या माळावर मातीचं घर बांधायची अक्कल आधीपासून होती आणि घरावर बाईचा हक्कही होता. पण १८७० नंतरच्या काही वर्षांत पॉनींना नेब्रास्का सोडून दूर दक्षिणेला जावं लागलं. एकाला घर मिळालं तेव्हा दुसऱ्याचं गेलं होतं. ही गोष्ट सांगताना हे झाकून पुढे जाता येत नाही.

आता नवी आलेली माणसं काय करत होती ते पाहू. बैलगाडीत किंवा घोडागाडीत सामान, लेकरं, एखादी गाय. हिवाळा तोंडावर. घर बांधायला वेळ नाही. मग टेकडीच्या किंवा ओढ्याच्या काठावर उतारात आडवं खणायचं आणि एक खोली कोरून काढायची. तीन बाजूंना टेकडीचीच माती, समोर तेवढी भिंत आणि दार. वर थोडी लाकडं टाकून माती. बिळात राहावं तसं राहायचं. डोक्यावरून गाय चालत गेली आणि पाय छपरातून खाली आला, असे प्रसंग त्या काळच्या आठवणींत सापडतात.

अशा एका घराचा खर्च लिहून ठेवलेला आहे. १८७२ सालचा. १४ फूट लांब, १४ फूट रुंद खोली. खिडकीला सव्वा डॉलर. दाराच्या फळ्यांना ५४ सेंट. कडी आणि बिजागरीला ५०. धुराड्याच्या नळीला ३०. खिळ्यांना १९. सगळं मिळून पावणेतीन डॉलरच्या जरा वर. डॉलरमध्ये १०० सेंट असतात, म्हणजे निम्म्याच्या जवळपास पैसे एका खिडकीलाच गेले. माती फुकट होती, मेहनत फुकट धरलेली होती. उजेड तेवढा विकत घ्यावा लागला.

हिवाळा निघाला की मग खरं घर बांधायला घ्यायचे. ते घर गवतमातीचं. त्याची रीत नीट सांगते, कारण त्यात डोकं लागतं.

त्या माळावरच्या गवताची मुळं फार दाट आणि खोल. हजारो वर्षं न नांगरलेली जमीन. मुळांनी माती अशी घट्ट धरलेली, की साध्या नांगराला दाद देत नसे. तिच्यासाठी वेगळा नांगर होता. तो माती उलथून मोकळी करत नसे, तर लांब सलग पट्टी कापत जाई. पट्टी साधारण एक फूट रुंद आणि चार इंच जाड. ती कुदळीनं किंवा फावड्यानं दोनतीन फुटांच्या तुकड्यांत तोडायची. झाली वीट तयार. भाजायला नको, वाळवायला नको. उलट वाळली तर भुगा होई. म्हणून एका दिवसात जेवढ्या विटा रचून होतील तेवढ्याच कापायच्या. जमीन ओलसर असताना कापायच्या. लोक थट्टेनं या मातीला नेब्रास्काचा संगमरवर म्हणत.

रचताना गवताची बाजू खाली. दोन किंवा तीन विटा शेजारी शेजारी ठेवून भिंत दोनतीन फूट जाड करायची. खालचा सांधा वरच्या विटेनं झाकायचा. काही थर झाले की एक थर आडवा घालायचा, म्हणजे भिंत बांधली जाते. फटींत मोकळी माती ठोकून भरायची. आत राहिलेली मुळं विटांना एकमेकींत धरून ठेवत. १६ फूट रुंद आणि २० फूट लांब अशा एका घराला अर्धा ते एक एकर जमिनीवरचं गवत सोलून काढावं लागे. एवढं वजन चढवल्यावर भिंती खाली बसणारच. म्हणून दाराखिडक्यांच्या चौकटीवर थोडी जागा मोकळी सोडून तिथे चिंध्या किंवा गवत कोंबून ठेवत. भिंत बसली तरी काच फुटायला नको. सव्वा डॉलरची खिडकी होती ना.

छप्पर ही सगळ्यात अवघड गोष्ट. आढ्याला लांब, जाड लाकूड पाहिजे आणि तेच मिळत नसे. कुठेतरी दूरच्या घळीतून किंवा नदीकाठावरून ते आणायचं. त्यावर वासे, वाशांवर काटक्या, काटक्यांवर गवत आणि पुन्हा त्याच मातीच्या विटा. धाब्याच्या घरात राहिलेल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माती वर आली की पाणी आत आलंच.

त्या घरांचं गळणं प्रसिद्ध होतं. बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला थांबत नसे. भिजलेलं छप्पर दोनदोन दिवस ठिबकत राही. चुलीपाशी एकीनं छत्री धरायची आणि दुसरीनं रांधायचं, अशा आठवणी बायकांनी सांगितलेल्या आहेत. अंथरुणं ओली, पीठ ओलं. ऊन पडलं की सगळं बाहेर वाळत घालायचं. पाऊस नसेल तेव्हा माती झडे. ताटात माती, पाळण्यात माती. त्यावर बायकांनी उपाय काढला. पातळ कापड आढ्याखालून ताणून बांधायचं. माती, किडे, उंदीर आणि कधी सापसुद्धा त्या कापडावर अडकायचा. कापडाला झोळ आला की ते सोडायचं, धुवायचं आणि परत बांधायचं.

सरपणाचं काय करायचे? झाडंच नाहीत. मग गवताचे पीळ घालून जाळायचे, मक्याची कणसं जाळायची, आणि माळावर वाळून पडलेलं शेण. आधी रानरेड्यांचं, पुढे गाईबैलांचं. नव्या आलेल्या बायका पहिल्या दिवशी दोन काटक्यांनी ते उचलत, मग फडक्यानं, आणि थोड्याच दिवसांत हातानं उचलून पोळीच्या पिठाला लागत, असं तिकडे हसत हसत सांगायचे. आपल्याला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. गोवरीची धग आपण जाणतो.

पण या घराचे गुणही मोठे होते. दोनतीन फुटांची भिंत, त्यामुळे उन्हाळ्यात आत गार आणि हिवाळ्यात ऊबदार. थोड्या सरपणात भागे. माळावर वणवा पेटला तर लाकडी घर जळून जाई, या भिंती सहसा पेटत नसत. आणि बायकांनी त्या घरांचं जे केलं ते बघण्यासारखं होतं. भिंती आतून फावड्यानं तासून गुळगुळीत करायच्या, माती आणि राख कालवून गिलावा द्यायचा, चुना मिळाला तर पांढऱ्या करायच्या. नाहीतर जुनी वर्तमानपत्रं चिकटवायची. भुई पाणी शिंपडून, चोपून, झाडून टणक करायची. भिंत जाड असल्यानं खिडकीत आपोआप रुंद कोनाडा तयार होई. त्यात डब्यात लावलेली फुलझाडं ठेवायची. बाहेर बर्फ आणि कोनाड्यात लाल फूल.

हे सगळं आज आपल्याला कळतं ते एका फोटोवाल्यामुळे. सॉलोमन बुचर त्याचं नाव. नेब्रास्कातल्या कस्टर जिल्ह्यात १८८६ पासून तो घोडागाडी घेऊन वस्तीवस्तीवर फिरला आणि घरासमोर माणसं उभी करून त्यांचे फोटो काढत राहिला. काचेवर घेतलेली त्याची तीन हजारांहून जास्त चित्रं आज तिथल्या राज्याच्या इतिहास संस्थेनं जपून ठेवली आहेत. त्यातल्या दोन फोटोंबद्दल सांगते.

पहिला हिल्टन नावाच्या कुटुंबाचा. घरच्या बाईला फोटो तर हवा होता, कारण तो माहेरच्या मुलखात पाठवायचा होता. पण मातीचं घर त्यात दिसायला नको होतं. लाज वाटत होती. मग घरातली पायपेटी उचलून अंगणात आणली, तिच्याभोवती सगळे उभे राहिले आणि घर फोटोबाहेर ठेवलं. फोटो झाल्यावर पेटी परत आत. मैत्रिणींनो, या बाईला हसू नका. पाहुणे येणार म्हटल्यावर घराचा कोणता कोपरा झाकायचा, हे आपल्यालाही कळतं. मातीचं घर म्हणजे गरिबी, असं जगानं ठरवलं की त्याच घरात राबणाऱ्या बाईची मान खाली जाते. घर मात्र तेच. तिनंच तासलेलं, तिनंच सारवलेलं.

दुसरा फोटो १८८६ चा. चार बहिणी. ख्रिसमन आडनावाच्या. मागे गवतमातीचं घर, बाजूला घोडे, आणि चौघी कॅमेऱ्याकडे सरळ बघत उभ्या. झाकलेलं काही नाही. यातल्या लिझीनं १८८७ मध्ये स्वतःच्या नावानं जमिनीचा अर्ज केला. मग दुसरीनं केला. जमिनीवर राहणं सक्तीचं होतं आणि उघड्या माळावर एकटीनं राहणं सोपं नव्हतं. म्हणून बहिणी आळीपाळीनं एकमेकींच्या घरी मुक्कामाला राहत. कायद्याची अट पुरी, सोबतही झाली. चार बायका एकत्र आल्या की अवघड नियमातूनही वाट निघते, हे बचत गटातल्या बायांना मी काय सांगू!

हा माळ किती निष्ठुर होता तेही ऐका. १८७४ मध्ये टोळधाड आली आणि उभं पीक गेलं. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी हवा छान उबदार होती. मुलं साध्या कपड्यांत शाळेत गेली. दिवसा अचानक हिमवादळ आलं. समोरचा हात दिसेना. त्या वादळात २०० हून जास्त माणसं गेली असं मानतात आणि त्यांत शाळेतून निघालेली बरीच मुलं होती. ऑर्ड गावाजवळची एक शाळा अशीच गवतमातीची होती. वाऱ्यानं तिचं छप्पर उडालं. मिनी फ्रीमन नावाची तरुण शिक्षिका सगळ्या मुलांना एकत्र ठेवून वादळातून जवळच्या शेतघरापर्यंत घेऊन गेली. एकही मूल गमावलं नाही.

घरांचे आणखीही प्रकार झाले. इझिडोर ओमाँ नावाच्या माणसानं ब्रोकन बो गावाजवळ याच विटांचं दुमजली घर बांधलं, कोपऱ्यांना गोल बुरूज काढून. ते कितीतरी वर्षं उभं होतं. जिथे माती रेताड होती आणि वीट धरत नव्हती, तिथे लोकांनी गवताचे, पेंढ्याचे दाबून बांधलेले गठ्ठे रचून भिंती केल्या आणि वरून गिलावा दिला. आर्थर गावात १९२८ मध्ये पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं चर्च बांधलं, ते आजही पाहायला मिळतं. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांची कुटुंबंही या माळावर आली आणि त्यांनीही गवतमातीची घरं बांधली. पुढे रेल्वे जवळ आली, कापलेलं लाकूड स्वस्त झालं, हातात चार पैसे आले, तशी फळ्यांची घरं उभी राहिली. जुनं मातीचं घर गुरांना गेलं, कोंबड्यांना गेलं आणि पावसात हळूहळू परत जमिनीला मिळालं.

घर मातीला मिळालं. राहिला काय? कागद.

आता मघाशी सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ. त्या कागदावर लिझीचं नाव आलं, कारण तिचं लग्न झालेलं नव्हतं. विधवेचं नाव येऊ शकलं, कारण नवरा नव्हता. नवरा अर्ज करून पाच वर्षांच्या आत वारला, तर मुदत पुरी करून त्याची विधवा जमीन घेऊ शकत होती. पण जी बाई नवऱ्याबरोबर गाडीतून आली, जिनं विटा वाहिल्या, छपराखाली कापड ताणलं, छत्रीखाली रांधलं, एका हातानं लेकरू आणि दुसऱ्या हातानं शेण गोळा केलं, तिचं नाव अर्जावर नव्हतं. घरात कोणी राहतंय की नाही, हे सरकार तपासत होतं. नवरा मजुरीला लांब गेला की घर धरून राहणारी बहुतेक वेळा तीच असे. तिच्या राहण्यानं जमीन मिळे. नाव नवऱ्याचं लागे. आणि पॉनी, हिदात्सा बायांचं तर घरही गेलं आणि हक्कही गेला. कारण त्यांच्या रीतीला सरकारी कागदात जागाच नव्हती.

मला या सगळ्यातून एवढंच म्हणायचं आहे. घर मातीचं आहे की सिमेंटचं, त्यानं बाईचं घर पक्कं होत नाही. कागदावर नाव लागलं, म्हणजे ते पक्कं होतं. त्या माळावर विटा सगळ्याच बायकांनी वाहिल्या. नाव ज्यांचं लागलं, त्याच पुढे विकू शकल्या, राखू शकल्या किंवा लेकीला देऊ शकल्या.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. येताना प्रत्येकीनं आपल्या घरपट्टीची पावती घेऊन या. पावती नसेल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. घर कुणाच्या नावावर आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या. किती जणींचं नाव आहे, किती जणींचं नवऱ्याबरोबर जोडीनं आहे आणि किती जणींचं नाहीच, ते वहीत लिहा. भांडायला जाऊ नका. आधी फक्त मोजा. मग ज्यांचं नाव नाही त्यांनी घरात बोलायला सुरुवात करा आणि ग्रामपंचायतीत विचारा, की नाव जोडायला काय कागद लागतात. एकटीनं जायला अवघड वाटलं तर चौघी मिळून जा. त्या चार बहिणी जशा एकमेकींच्या घरी मुक्कामाला गेल्या, तशाच.

आणि घर मातीचं असेल तर झाकू नका. त्याच्यासमोर ताठ उभं राहून फोटो काढा.

बरं, येते मी. नमस्कार.